ताटाची डावी बाजू

आजही ताटाची डावी बाजू तशीच राहिली होती… लिंबाची फोड, खोबऱ्याची चटणी, काकडीची कोशिंबीर, सगळं वाढलं होतं तसंच्या तसं. भातसुद्धा उजवीकडून संपवलेला आणि डावीकडचा उभाच्या उभा सोडलेला. तिचा धाकटा भाऊ हरिहर आचवायला उठला, डाव्या हाताला उंबऱ्याशी बसलेल्या कुसुमच्या अगदी पदराजवळून गेला, आणि त्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते उष्टं ताट उचलताना कुसुमला वाटलं, आपण आपलाच अपमान दोन्ही हातांनी धरून मोरीवर नेतो आहोत.

त्या घरात डावंउजवं होतं ते फक्त ताटात. उल्का लग्न होऊन आली त्याच आठवड्यात कुसुमने आपणहून चूल भावजयीच्या हाती दिली. भाजी, आमटी, म्हणजे ताटाची उजवी बाजू उल्काची. चटण्या, कोशिंबिरी, लोणची एवढी डावी बाजू तिने स्वतःकडे ठेवून घेतली. तेवढ्यावर तिचं समाधान होतं. आई गेली तेव्हा हरी नुकता पाळण्यातून उतरला होता. चिपळूणचं चांगलं स्थळ सांगून आलं, तर ही म्हणाली, आधी हरीची मुंज होऊ दे. मुंजीमागून शाळा आली, शाळेमागून कॉलेज, आणि स्थळं यायची कधी थांबली ते कुणाच्या लक्षातसुद्धा राहिलं नाही. हरी रत्नागिरीतच शाळेत मराठी शिकवू लागला, वाडीतली वडिलांनी लावलेली हापूसची कलमं राखू लागला, आणि कुसुमला वाटलं, आपला जन्म कारणी लागला.

मग आला तो शिमगा! गडी सगळे पालखीमागे गावाला गेलेले, विहिरीजवळच्या कलमावर पहिले आंबे तयार झालेले, आणि हरीच्या डोक्याने घेतलं की आंबे उतरवायचा जाळीचा झेला घेऊन आपणच चढायचं. कुसुम आडवी आली. शब्दाने शब्द वाढला. "दर वेळी माझी आई व्हायला येऊ नकोस, अक्का," हरी म्हणाला. जिने आईपणापायी सगळं सोडलं तिच्या काळजात ते बाणासारखं रुतलं, आणि रागाच्या भरात ती बोलून गेली, "चढ तर मग. पण पडलास तर मला हाक मारू नकोस!"

…आणि तो पडला. डोक्याला मार लागला. मुंबईच्या इस्पितळातून वैशाखात परत आला तो हातीपायी धड होता. डोळेसुद्धा तपासले, ते धडधाकट आहेत, असं उल्काच्या भावाने येऊन सांगितलं. दाराच्या डाव्या चौकटीवर त्याचा खांदा आपटायचा, चालताना ठेच लागायची, तो अशक्तपणा, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. कुसुमने मात्र मनाशी गाठ बांधली होती, की त्याने हाक मारल्याशिवाय आपण बोलायचं नाही. कुठल्या तोंडाने बोलणार? एरवी ती त्याच्यासमोर येतच नसे; जेवणाच्या वेळी मात्र आपल्या नेहमीच्या जागी, त्याच्या डावीकडे, गप्प बसून राही. आणि तो तिच्यातून आरपार बघून उठून जाई. किती निष्ठुर झाला होता हरी!

एका दुपारी उल्का तिच्याजवळ येऊन बसली. वाईट नव्हती ती. बोलताना तिची मानसुद्धा वर होत नव्हती. "वन्सं, राग मानू नका," ती म्हणाली, "पण तुम्ही समोर असलात की हे धड जेवत नाहीत. थोडे दिवस मालगुंडला जाऊन याल का?" मालगुंडला तुळसा, कुसुमची मावसबहीण, एकटीच असे. कुसुमने मान हलवली. आपल्यामुळे हरी अर्धपोटी उठतो, यापुढे विचारायचं काय राहिलं होतं? तिने दोन लुगडी पिशवीत भरली.

जायच्या दिवशी तिने हरीच्या आवडीची कैरीची चटणी वाटली. उल्का विहिरीवर होती, म्हणून सगळं ताट तिलाच वाढावं लागलं. आणि डोळ्यांतल्या पाण्याने समोरचं काही दिसेना तेव्हा तिच्या हातून जन्मात कधी झाली नव्हती अशी चूक झाली. हरी पाटावर बसला आणि कळशी घेऊन आत आलेली उल्का दारातच थबकली. भाजी डावीकडे, चटणी उजवीकडे… ताट उलटं वाढलं होतं! वाढलेलं ताट फिरवू नये, अशी त्या घरची शिस्त, तेव्हा दोघी नुसत्या बघत राहिल्या. हरीने भाजीला बोटसुद्धा लावलं नाही. चटणीचं बोट मात्र त्याने जिभेला लावलं आणि त्याचा हात तिथेच थांबला.

"उल्का," तो हलकेच म्हणाला, "अक्का परत आली का गो?"

उल्काला काही कळेना. परत आली म्हणजे? त्या गेल्या होत्या कधी?

"मी आल्यापासून एकदाही दिसली नाही. मला वाटलं, घर सोडून गेली माझ्या बोलण्यानं… विचारायचा धीर नाही झाला."

कुसुमच्या तोंडून हुंदका फुटला. "हरी!" तो उजवीकडे बघायला लागला, मग समोर, गोंधळलेल्या वासरासारखा. ती त्याच्या डाव्या हाताला, हातभरावर बसली होती! शेवटी तिनेच पुढे होऊन त्याची हनुवटी धरली आणि चेहरा आपल्याकडे वळवला, लहानपणी घास भरवताना वळवायची तसा.

"पडलास तर हाक मारू नकोस, म्हणाली होतीस," तो रडत म्हणाला. "म्हणून नाही मारली गो…"

रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी उलगडा केला. डोळे पाहत होते, पण मेंदूत जिथे डावी बाजू पोचायची, तिथेच मार बसला होता. तिथे त्याला अंधार दिसत नव्हता. तिथे काही आहे हेच त्याला कळत नव्हतं. गेलेली नजर परत येईल असं समजू नका, ते म्हणाले, पण मान वळवायला शिकवता येईल. डावीकडे बसा, डावीकडूनच हाक मारा.

उल्का म्हणाली, आजपासून सगळं उजवीकडेच वाढते. कुसुमने तिचा हात धरला. "नाही गो. डावी बाजू डावीकडेच राहू दे. तो शिकायला हवा."

मग सुरू झाली ती शिकवणी. कुसुम वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला लाल पेन्सिलीने रेघ ओढी, आणि ती रेघ सापडेपर्यंत मान वळवायची, असा हरीला दंडक होता. एकदा 'अपमान' हा शब्द त्याने 'मान' असा वाचला. "काय मास्तर," ती म्हणाली, "अपमान गिळून टाकलात की!" आणि दोघं हसता हसता रडली. तिच्या हाकेसरशी त्याची मान वळू लागली. त्या पावसाळ्यात कुसुमला आपला हरी पुन्हा मिळाला होता.

पण डॉक्टरांनी तेही काढून घेतलं. आता हाक बंद करा, ते म्हणाले. उद्या रस्ता ओलांडताना डावीकडून येणारी एस.टी. त्यांना हाक मारणार आहे का? त्यांचं त्यांना शोधू द्या.

म्हणजे पुन्हा गप्प बसायचं… पुन्हा त्याच उंबऱ्याशी, पुन्हा त्या नजरेतून पुसून जायचं! हाक ओठांवर येई आणि ती पदर तोंडात धरी. डावी बाजू पुन्हा तशीच राहू लागली; ते ताट ती पुन्हा मोरीवर नेऊ लागली. फरक एवढाच होता की आता उल्का तिच्याजवळ येऊन बसे आणि तिचा हात आपल्या हातात धरून ठेवी. किती दिवस अशी परीक्षा बघणार होता देव?

गणपती गेले. दुसऱ्या दिवसापासून हरी शाळेत रुजू होणार होता. जेवता जेवता त्याचा हात रिकाम्या झालेल्या उजव्या बाजूवर थांबला. कुसुमने पदर तोंडात धरला. हळूहळू त्याची मान वळू लागली… मिठावरून लिंबावर, लिंबावरून चटणीवर, आणि तिथे थांबली नाही. ताट ओलांडून ती उंबऱ्यापर्यंत आली.

तो तिच्याकडे बघत राहिला, अनोळखी माणसाकडे बघावं तसा.

"अक्का… तुझे केस कधी पिकले गो?"

कुसुमचा हात आपसूक केसांकडे गेला.

"इतकी वर्षं इथंच बसत होतीस?"

"इथंच रे," ती म्हणाली. "जाणार कुठे?"

हरीने मान खाली घातली आणि आसवं गिळत डावी बाजू जेवू लागला. तो उठल्यावर ताट उचलायला कुसुम वाकली, तर कोशिंबिरीचा कणसुद्धा उरला नव्हता. इतके दिवस भरलेलं ताट तिने मुकाट्याने नेलं होतं. आज रिकामं ताट तिच्याने उचलवेना. उल्काने पुढे होऊन ते उचललं.