पोपटाचा तुकडा

"विज्ञानापुढे कुठलंही गूढ टिकत नाही," असं जाहीर करून रणजित मैनाआत्याच्या दारात मटकन बसला. लिफ्ट बंद होती. सात मजले चढताना विज्ञान तळमजल्यावरच थांबलं होतं.

धायरीतला हा टॉवर त्यांच्याच ज्वारीच्या रानात उभा होता. रान गेलं, फ्लॅट आले, रणजित हडपसरच्या आयटी पार्कात चिकटला. घराण्याची एकच रीत उरली: येणाऱ्या बाळाची गोधडी घरातल्या थोरल्या आत्याने शिवायची आणि तीत पणजीच्या पोपटांची नक्षी असलेल्या लुगड्याचा एक तुकडा घालायचा.

रणजितचे वडील भैरू रक्ताच्या कर्करोगाने गेले. आता बायकोला, उत्कर्षाला, दिवस गेले म्हणून त्याने स्वतःचा डीएनए तपासून घेतला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्या रोगाशी संबंधित जनुकाशेजारचा एक तुकडा सुटून उलटा बसलाय. वडिलांकडून आलाय. रोग होईलच असं नाही, पण धोका आहे." बहीण मुक्ताईचा सरळ निघाला. बाळासाठी गर्भजल तपासायला दिलं होतं. निकाल यायचा होता.

आत्याने जुन्या गोधड्या गॅलरीच्या कठड्यावर उन्हाला टाकल्या होत्या. भैरूच्या गोधडीत पोपट खाली डोकं वर पाय. रणजितच्यातही. मुक्ताईच्यात मात्र सरळ, फांदीवर ऐटीत.

योगायोग, असं रणजितने मनाशी नोंदवलं. मग आत्याच्या मांडीवरची नवी गोधडी पाहिली. पोपट उलटे.

"आत्या, असे का लावतेस?"

"म्या कुठं लावते? हाताला बसंल तसा बसतो तुकडा."

"उसव. सरळ लाव."

"आन् तुझं इज्ञान रं?"

"लाव म्हणतो ना!"

आत्या थबकली. "बसलेला काढत न्हाईत, रणज्या." पण तिने उसवला.

निकाल आला. बाळाचा तुकडा सरळ. उत्कर्षा रडली, मग पेढे मागवले. रणजितने आत्याला फोन लावला.

"बरं झालं," ती म्हणाली. पलीकडे कापड टरकलं.

"काय करतेस?"

"दुसरी गोधडी. हिच्यात पोपट उलटाच बसतोय."

"दुसरी कुणाला? सोनोग्राफीत एकच बाळ आहे."

"कवाची सोनोग्राफी?"



आतून उत्कर्षाची हाक आली. "रणजित, हात लाव ना इथं. आज दोन्ही बाजूंनी लाथा मारतंय."

"ऐकतोयस न्हवं?" आत्या फोनवर म्हणाली. "येताना पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आण. जाड आण. मागचा लई तुटत हुता."