घोडटेकडीवरचे ठोके

मायाबाई रामटेके यांनी मोबाइल टेबलावरून जया मेश्रामकडे सरकवला.

"माझा पोरगा जाऊन महिना झाला," त्या म्हणाल्या. "अन् काल पहाटे त्याचं काळीज चालू होतं."

जयाचं खासगी तपासाचं ऑफिस धंतोलीत, एका पॅथॉलॉजी लॅबच्या वर. चुकलेली माणसं रोज जिना चढून येत आणि केशव त्यांना खालचा रस्ता दाखवी. जयाच्या या मावसभावाचं तेवढं एक काम बिनचूक होई. आज तोही उठला नाही. मोबाइलवर घोडटेकडीचा नकाशा होता, झाडीतून गेलेली एक रेघ आणि खाली हृदयाचे ठोके.

"माउंटन बाइकचं वेड होतं पियुषले," मायाबाई सांगू लागल्या. "हँडलवर छोटा कॉम्प्युटर, त्यात सिमकार्ड. सेकंडहँड होता, खोकंबी नव्हतं त्याले. तो निघाला का मले मेसेज येई. नकाशावर त्याचा ठिपका दिसे, ठोके दिसत. चहा ठेवत ठेवत मी पाहत राहो."

"आणि अजूनही येतो?"

"दर रविवारी. ठिपका टेकडीवर चढते, जिथं तो पडला तिथं थांबते. अन् थांबल्यावर ठोके वाढतात, मॅडम. उभ्या माणसाचे ठोके वाढतात काय?"

केशवनं उगाच पंखा कमी केला.

जयानं विचारलं, "पडल्यावरही मेसेज येतो ना याच्यात?"

"येते तर. मागं एकदा उभ्या उभ्या सायकल आडवी झाली, तरी 'पडला' म्हणून आला. मी रडत फोन लावला, तं हा हसून राहिला होता. कॉम्प्युटर टीं टीं करते, अर्ध्या मिनिटात बटन नाही दाबलं तं घरी मेसेज जाते म्हणे. तो दाबायचं विसरला होता."

"आणि त्या रविवारी?"

"निघाल्याचा आला. पडल्याचा नाही आला." त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं. "दुपारी बकऱ्यावाल्याले दिसला. डॉक्टर म्हणाले, लवकर आणला असता तं वाचला असता."

"मोडला असेल कॉम्प्युटर," केशव म्हणाला.

"मोडला असता तर काल चालला नसता," जया म्हणाली. "ठोके मोजणारा छातीचा पट्टा कुठे आहे?"

"दवाखान्यानं दिला. माझ्या कपाटात आहे, त्याच्या कपड्यांत. कॉम्प्युटर तेवढा सापडला नाही." मायाबाई उठल्या. "आम्ही बुद्धाचे लोक. आत्मा मानत नाही आम्ही. पण मले हे दिसते त्याचं काय करू? येत्या रविवारी मी टेकडीवर जाऊन राहिली. तो तिथं एकटा पडला होता का, एवढं मले समजलं पाहिजे."

पियुषची सायकल ऋषिकेश ठाकरेच्या दुकानात होती. धरमपेठेतल्या त्या दुकानात हेल्मेटं, गुडघ्याची कवचं आणि जाड दात्यांचे टायर छतापर्यंत टांगलेले होते. ऋषिकेश स्वतः घोडटेकडीवर जाणारा गडी. शर्टाच्या आत त्याचाही पट्टा दिसत होता, आणि केशवनं जयाला कोपरानं ढोसलं.

"पोलिसांनी दिली तशीच ठेवली आहे, मॅडम," ऋषिकेश म्हणाला.

पुढचं चाक वाकलं होतं. हँडलवरची कॉम्प्युटरची बैठक मात्र शाबूत होती, ओरखडाही नव्हता. शेजारी कॉम्प्युटर बांधून ठेवायची बारीक दोरी गाठ सोडलेली लोंबत होती.

"कॉम्प्युटर उडून पडला असेल?" जयानं विचारलं.

"उडत नाही तो. हातानं फिरवल्याशिवाय निघतच नाही. उडाला असता तर बैठक तुटली असती."

"तुमचा पट्टा त्याच्यावर चालेल?"

"नाही. ज्या पट्ट्याची एकदा ओळख करून दिली, तोच पकडतो तो. दुसऱ्या कोणाचा नाही."

"पियुषशिवाय कोणाची ओळख होती त्याला?"

"आधीच्या मालकाची असंल. माझ्याकडून नव्हता घेतला त्यानं." ऋषिकेश थोडा घुटमळला. "एक सायकल कंपनी दोघांपैकी एकालाच सगळं सामान फुकट देणार होती. सायकल, कपडे, सगळं. पियुष नाहीतर त्याचा मित्र साहिल."

साहिल भोयर जवळच एका खोलीत भाड्यानं एकटाच राहत होता. डोळ्यांखाली काळं, दाढी वाढलेली. मित्राचं नाव काढताच तो रडू लागला, आणि ते रडणं खोटं नव्हतं.

"त्या दिवशी मले ताप होता," तो म्हणाला. "झोपून होतो. तेव्हापासून सायकलले हात नाही लावला."

कोपऱ्यात हेल्मेटचा दिवा चार्जिंगला लावलेला होता, त्याचा लाल ठिपका जळत होता. टेबलावर पंक्चरचं सामान एका रिकाम्या खोक्यात भरलेलं होतं. जयानं खोक्याचं झाकण लावलं, त्यावरचं चित्र पाहिलं आणि उठली.

रविवारी उजाडण्याआधी तिघं टेकडीवर पोचले. पळसांची पानं गळून गेली होती. पियुष जिथं पडला त्या दगडांपाशी मायाबाई मोबाइल हातात धरून बसल्या. टिटवी ओरडली तरी केशव दचकत होता.

मोबाइल थरथरला. 'पियुष निघाला.'

ठिपका चढू लागला, ठोके वाढू लागले. मग ठिपका माथ्यावरून खाली वळला आणि वरून आवाज आला, पॅडल थांबवल्यावर मागचं चाक करतं ती कोरडी टकटक. झाडांतून दिवा उतरत आला आणि दगडांपाशी थांबला. चाकाचा आवाज बंद पडला. ठोके मात्र चढतच राहिले.

"दिवा विझव, साहिल," जया म्हणाली.

दिवा विझला. साहिल सायकल धरून उभा होता.

"पियुषचा पट्टा मायाबाईंच्या कपाटात आहे," जया शांतपणे म्हणाली. "मग हे ठोके आधीच्या मालकाचे. त्यानं कॉम्प्युटर खोक्याशिवाय विकला, आणि खोकं तुझ्या टेबलावर आहे. सायकलला हात लावत नाहीस म्हणालास आणि दिवा चार्जिंगला होता. राहिला पडल्याचा मेसेज. चालू कॉम्प्युटर तो पाठवतोच, कोणी बटण दाबलं तरच थांबतो. म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या आत त्याच्याजवळ कोणीतरी पोचलं होतं. मागोमाग येणारा माणूसच एवढ्या लवकर पोचतो. त्यानंच नंतर दोरी सोडून कॉम्प्युटर काढला."

"पण चालू कशाला करायचा मग?" केशवनं विचारलं. "लपवायचा ना."

"त्यात पियुषची सगळ्यात वेगवान फेरी आहे. ती लावली की त्याचा ठिपका आपल्यापुढे पळतो. याला तो एकदा तरी मागे टाकायचा होता. पण या दगडांपाशी आला की याचं चाक थांबतं आणि भीतीनं ठोके वाढतात. निघाल्याचा मेसेज घरी जातो हे याला माहीत नव्हतं. याच्या घरी वाट पाहणारं कोणी नाही, म्हणून ती सोय यानं कधी वापरलीच नव्हती."

साहिल खाली बसला. "टीं टीं बंद कराले बटन दाबलं अन् निघून गेलो. मले वाटलं पाय मोडला असंल. दोन महिने घरी बसंल, एवढंच पाहिजे होतं मले. कोणीतरी येईल, उचलून नेईल..." त्यानं हँडलवरच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. "अजूनही तोच पुढं आहे. दर वेळी पुढंच राहते."

"तो काही बोलला काय?" मायाबाईंनी विचारलं.

"आईले फोन लाव म्हणाला."

मायाबाईंच्या हातातल्या मोबाइलवर ठोके पळत होते. मग त्या उठल्या, सायकलपाशी गेल्या.

"कोणतं बटन दाबलं होतं, बाबू?"

साहिलनं बोटानं दाखवलं.

त्यांनी ते दाबलं आणि दाबून धरलं. कॉम्प्युटर विझला. मोबाइलवरचा आकडा गेला, नुसता नकाशा राहिला.

"आता गेला माझा पियुष," त्या म्हणाल्या, आणि महिनाभरात पहिल्यांदा रडल्या.