मातीचा किल्लेदार

"पिवळा काढ! आता लाल कागद घाल, लाल!" विकी उड्या मारत ओरडला.

"थांब रे! घाई काय आहे? शोमध्येसुद्धा असंच सावकाश करायचंय," निहार म्हणाला आणि जादूगाराच्या थाटात त्याने पिवळा घोटीव कागद ओढून लाल कागद सरकवला.

कागदावर बसला होता एक शॅमेलिऑन सरडा. वीतभर अंग, जिलबीसारखी गुंडाळलेली शेपटी आणि दोन दिशांना फिरणारे दोन डोळे! लाल कागदावर ठेवल्याबरोबर त्याच्या अंगावर काळे पट्टे उमटले. जमलेल्या पोरांनी टाळ्या पिटल्या आणि निहारची छाती फुगली.

फुगणारच! मुलुंडच्या नीलकिरण सोसायटीत या दिवाळीच्या सुट्टीचा हीरो तोच होता. सोसायटीच्या मागे डोंगर, डोंगरापलीकडे नॅशनल पार्कचं जंगल. गेल्या रविवारी सेक्रेटरी श्यामसुंदरकाकांनी लायटिंगच्या माळांना आड येतात म्हणून कुंपणालगतच्या झाडाच्या फांद्या तोडून घेतल्या. एका फांदीबरोबर हा बिचारा खाली आपटला आणि कावळे तुटून पडले. निहार छत्री फिरवत धावला आणि त्याने सरड्याला वाचवलं.

इथपर्यंत सगळं झकास होतं हो! पण मग निहारसाहेबांनी त्याचं नाव ठेवलं 'किल्लेदार', घरातला जुना फिश टँक काढला, आत पाण्याची वाटी ठेवली, वर काचेचं झाकण सरकवलं आणि तो टँक नेऊन बसवला मुलांनी अंगणात बांधलेल्या दिवाळीच्या किल्ल्यावर. मातीच्या मावळ्यांमध्ये खराखुरा किल्लेदार!

"वा, निहार, वा!" श्यामसुंदरकाका तेव्हा खूश होऊन म्हणाले होते. "शुक्रवारी स्नेहसंमेलनाला मोठे पाहुणे येणार आहेत. रंग बदलायचा हा शो तूच करायचास. सोसायटीचं नाव काढशील!"

टाळ्या पिटणाऱ्या पोरांत फक्त मनाली कपाळाला आठ्या घालून उभी होती. ती निहारच्याच वर्गातली आणि बी विंगमधली. "मला नाही वाटत त्याला हे आवडतंय," ती म्हणाली.

"तुला काय सरड्यांची भाषा येते? जळतेस नुसती!" निहार म्हणाला. मनाली घरी निघून गेली.

गुरुवारी सकाळी निहार टँकपाशी आला आणि वाकून बघतच राहिला. किल्लेदार काळाठिक्कर पडला होता. डोळे खोल गेले होते. वाटीतलं पाणी जसंच्या तसं होतं. आणि टँकचं झाकण अर्धवट सरकलेलं, काचेवर पाण्याचे ओघळ!

"मनाली! विकी! लवकर या! कोणीतरी झाकण उघडलंय!"

"विष!" विकी डोळे मोठे करून म्हणाला. विकीला गेल्या महिन्यात शाळेच्या डब्यातही विष सापडलं होतं, ते कारलं निघालं.

"किल्लेदार कोणाला नकोय, सांगा बघू?" निहारने डिटेक्टिव्हसारखी हनुवटी चोळली आणि मान वर केली. किल्ल्याच्या बरोबर वर पहिल्या मजल्याची गॅलरी होती. कुंड्यांनी गच्च भरलेली. तिथे वनमालाआजी एकट्या राहायच्या. "आजी! परवाच त्या वरून ओरडल्या होत्या, ते जनावर सोडून दे, म्हणून!"

"म्हणून काय विष घालतील?" मनाली म्हणाली.

"आज दुपारी सगळे झोपले, की कळेलच!"

दुपारी तिघं पंपाच्या खोलीमागे दबा धरून बसले. ऊन मी म्हणत होतं. सगळी सोसायटी पंखे लावून झोपलेली. आणि खरंच की! वनमालाआजी हातात वाटी घेऊन जिना उतरल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, टँकचं झाकण सरकवलं आणि हात आत घातला.

"पकडलं!" निहार बाणासारखा सुटला. "आजी विष घालतायत! या, सगळे या! किल्लेदाराला विष घालतायत!"

फटाफट खिडक्या उघडल्या. माणसं खाली आली. "काय झालं? कोणाला विष?" एकच गलका! वनमालाआजी ताठ उभ्या राहिल्या. हात मात्र त्यांनी टँकमधून काढला नाही.

"निहार, अरे, बघ ना," मनाली हळूच म्हणाली.

आजींच्या हातात वाटीतल्या पाण्यात भिजवलेली तुळशीची डहाळी होती. किल्लेदाराने मान लांब केली होती आणि डहाळीच्या टोकाचे थेंब तो चाटत होता. अगदी अधाशासारखा.

"तहानलाय तो," आजी म्हणाल्या. "मी कुंड्यांना पाणी घालते, ते खाली या टँकवर ठिबकतं. थेंब पडला की हा आतून काचेला तोंड लावतो. वाटीकडे ढुंकूनही बघत नाही. रोज बघते मी वरून. आज पहाटेही मीच झाकण सरकवून थोडं पाजून गेले."

त्यांनी डहाळी टँकमध्ये ठेवली आणि मागे न बघता त्या वर निघून गेल्या. माणसं पांगली. कोणीतरी "हल्लीची पोरं!" असं पुटपुटलं. निहारचे कान तापले होते. धरणीने पोटात घ्यावं, असं त्याला मनापासून वाटलं.

"माझी मामेबहीण अपूर्वाताई प्राण्यांची डॉक्टर आहे," मनाली म्हणाली. "जखमी प्राण्यांना सोडवणाऱ्या टीमबरोबर काम करते. फोन लावू?"

व्हिडिओ कॉलवर टँक बघताच अपूर्वाताई उडालीच. "काचेत कोणी ठेवलंय त्याला?"

"मी," निहार म्हणाला.

"अरे, काचेत त्याला स्वतःचंच रूप दिसतं! त्याला वाटतं, दुसरा सरडा आलाय भांडायला. वर झाकण म्हणजे हवा नाही, ऊन आलं की भट्टी! डोळे बघ किती खोल गेलेत. त्याच्या अंगात पाणीच उरलेलं नाही."

"पण तो... रंग तर छान बदलतो," निहार चाचरत म्हणाला. "लाल कागदावर ठेवला की पट्टे येतात."

"कागदाचा काय संबंध? तुम्ही त्याला उचलता ना, त्या भीतीने तो काळा पडतो. रोज करत होतात हे?"

निहारला सगळं आठवलं. ते काळे पट्टे, त्या टाळ्या, आपली ती फुगलेली छाती! तो घाबरत होता आणि आपण शो करत होतो. किल्लेदाराला विष घालायला दुसरं कोणी लागलंच नव्हतं. निहारला स्वतःची इतकी लाज वाटली, की मनालीकडे बघायचाही धीर होईना.

"आता रडू नकोस, काम कर," अपूर्वाताई म्हणाली. "हा जंगली प्राणी आहे, त्याला पाळणं कायद्याने गुन्हा आहे. मी वन खात्याला आत्ता कळवते आणि उद्या संध्याकाळी त्यांच्या माणसाला घेऊन येते. आज मी पालघरला अडकलेय. तोवर तो जगला पाहिजे! काच नको, जाळी हवी. जागा उंच हवी. आत फांद्या, पानं. थोडं ऊन, थोडी सावली. पानांवर थेंबथेंब पाणी. आणि हात अजिबात लावायचा नाही, कळलं?"

आता अशी जागा आणायची कुठून? अंगणात फटाके, गच्चीवर रणरण ऊन. तिघांनी एकदमच वर पाहिलं. वनमालाआजींची गॅलरी!

"मी नाही जाणार," निहार म्हणाला.

"तूच जाणार," मनाली म्हणाली.

दार उघडलं तेव्हा निहारची नजर पायपुसण्यावर होती. "आजी, सॉरी. मी... किल्लेदार मरेल हो. तुमची गॅलरी हवी होती."

आजी दारातच उभ्या राहिल्या. "तू शाळेत जायला लागलास ना, त्याच्याही आधीपासून मी इथे राहते. आज पहिल्यांदा लोक माझ्याकडे चोरासारखे बघत होते. आणि ओरडलास अंगणात, सॉरी म्हणतोस दारात?"

"अंगणातच म्हणेन, आजी. सगळ्यांसमोर."

"बघू. आधी आत या. कपडे वाळत घालायचा उभा स्टँड आहे, चालेल का?"

चालेल का म्हणजे काय, धावेल! मग जी धांदल उडाली! विकीच्या घरून खिडकीला लावायची डासांची जाळी आली. स्टँडला चहूबाजूंनी जाळी गुंडाळून कपड्यांच्या चिमट्यांनी घट्ट बसवली. आत जास्वंदीची कुंडी ठेवली. मनालीची आई हॉस्पिटलात नर्स. तिच्याकडून सलाईनची कोरी नळी मिळाली. वर पाण्याची बाटली टांगली आणि नळीची चकती फिरवून असं जमवलं, की पानावर एक थेंब पडावा, तो ओघळला की दुसरा. अर्ध्या भागावर आजींनी ओलं फडकं टाकून सावली केली. विकी मैदानातून नाकतोडे पकडून आणत होता. "वाचवा! एक शर्टात गेलाय माझ्या! चावतोय यार!"

निहार इमारतीमागे गेला. तोडलेल्या फांद्यांचा ढीग अजून तिथेच होता. त्यातली एक त्याने ओढून काढली, झटकली आणि टँकमध्ये किल्लेदारासमोर धरली. हात लावायचा नव्हता. किल्लेदार झुलत झुलत एक पाऊल पुढे टाके, थांबे, पुन्हा झुले. निहारचा दंड भरून आला, पण तो हलला नाही. शेवटी किल्लेदार फांदीवर चढला आणि तशीच ती फांदी वर नेऊन त्यांनी जाळीत उभी केली.

संध्याकाळी पहिला थेंब त्याने जास्वंदीच्या पानावरून चाटला. "प्यायला!" विकी किंचाळला आणि आजींनी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

शुक्रवारी दुपारी श्यामसुंदरकाका तणतणत आले. "टँक रिकामा? पाहुण्यांना मी सांगून बसलोय!"

"काका, तो आजारी आहे. आणि त्याला ठेवणं गुन्हा आहे," निहार म्हणाला.

"एका संध्याकाळपुरता ठेवला तर काही मरत नाही! शो होणार म्हणजे होणार. टँकमध्ये सरडा दिसला पाहिजे, बस!"

काका गेल्यावर निहार रडकुंडीला आला. विकी मात्र दात काढत होता. "टँकमध्ये सरडा दिसला पाहिजे, एवढंच ना? अरे, किल्ल्यावरचे सगळे मावळे कोणी बनवलेत?"

रात्रीच्या जेवणाआधी स्नेहसंमेलन सुरू झालं. लायटिंगच्या माळा लाल, हिरव्या, निळ्या होत होत्या आणि टँकमध्ये विकीने घडवून रंगवलेला मातीचा किल्लेदार ऐटीत बसला होता. निहारला वाटलं, आता पकडले जाणार! पण कसलं काय!

"अप्रतिम!" पाहुणे टँकवर वाकून म्हणाले. "आत्ता हिरवा होता, आता बघा, निळा झाला!"

"डोळा फिरवला त्याने!" मागून एक काकू म्हणाल्या.

"आम्ही ट्रेनिंग दिलंय त्याला," श्यामसुंदरकाका छाती काढून म्हणाले.

"अच्छा? कोणी दिलंय?" गर्दीतून आवाज आला. अपूर्वाताई! तिच्याबरोबर खाकी गणवेशातले वनरक्षक कुंडलिकदादा होते.

"क-कोण आपण?" काकांना घाम फुटला.

अपूर्वाताईने झाकण काढलं आणि किल्लेदाराला अलगद उचललं. टुक! शेपटी तुटून खाली पडली. असा काही हशा उसळला, की पाहुण्यांनी रुमालात तोंड लपवलं.

"माती निघाली हे नशीब समजा, काका," कुंडलिकदादा म्हणाले. "ट्रेनिंग दिलेला खरा निघाला असता तर माझ्याबरोबर ऑफिसात यावं लागलं असतं. बरं, त्या झाडाच्या फांद्या तोडायची परवानगी कुठे आहे?"

काका पाणी मागू लागले. सगळे अजून हसतच होते. निहार पुढे झाला आणि त्याने माइक हातात घेतला.

"खरा सरडा मी काचेत कोंडला होता," तो म्हणाला. हसू थांबलं. "तो घाबरून काळा पडायचा आणि मी त्याचा शो करायचो. आणि काल मी इथेच ओरडलो, की वनमालाआजींनी विष घातलं. खोटं होतं ते. आजी त्याला पाणी पाजत होत्या. त्यांच्यामुळे तो जिवंत आहे. माझं चुकलं, आजी."

माणसं वळून आजींकडे बघू लागली. मग मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "ऐकू आलं रे! आता पुरे कर, घसा बसेल."

गॅलरीत अपूर्वाताईने टॉर्च हाताने झाकून जाळीत पाहिलं. "डोळे वर आलेत की! पोरांनो, कमाल जागा केलीत तुम्ही. मी स्वतःसुद्धा घाईत याहून चांगली केली नसती."

"दवाखान्यात तपासू आणि बरा झाला की याच डोंगरात सोडू," कुंडलिकदादा म्हणाले. "अशी पोरं पाहिजेत!" विकीने तर लगेच सलामच ठोकला. श्यामसुंदरकाकांनीही ओशाळं हसून निहारच्या पाठीवर थाप मारली.

किल्लेदार फांदीवर बसला होता. कोवळ्या पानासारखा हिरवागार! असा हिरवा तो आहे, हे निहारला माहीतच नव्हतं.

"जा ना, भेट त्याला. शेवटचं," मनाली म्हणाली.

निहार जाळीपाशी गेला. किल्लेदाराचा एक डोळा गर्रकन त्याच्याकडे वळला आणि त्या हिरव्या अंगावर काळे पट्टे उमटायला लागले.

बाकीचे गप्पांत होते. त्यांना काही कळलं नाही. निहारला मात्र आता त्या पट्ट्यांचा अर्थ माहीत होता. तो पाय न वाजवता मागे सरकला, थेट आजींच्या दाराआड जाऊन उभा राहिला. हळूहळू पट्टे विरत गेले.

"अरे, इतक्या लांब काय उभा राहिलास?" आजींनी विचारलं.

"इथूनच बघतो, आजी," निहार म्हणाला.