पितळी नळीतला आवाज

माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलेलं सांगतोय. ज्याला पटणार नाही त्याने इथेच थांबावं.

साल छप्पन. जानेवारी. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती. गिरणगावात कधी गोळीबार, कधी कर्फ्यू.

गुणाजीमामा चिंचपोकळीच्या चाळीत राहायचे आणि गोदीत बोटींवर विजेची कामं करायचे. जोडीला बुधाजी. दोघं मालवणकडचे, एकाच वाडीतले.

त्या दुपारी एका मालवाहू बोटीच्या तळाशी पंपाची मोटर दुरुस्त करायची होती. स्विचबोर्ड बराच वर. मधे बोलायला एक पितळी नळी. वरच्याने स्विच पाडायचा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे आणि नळीतून तसं सांगायचं. मगच खालच्याने हात लावायचा. चहूकडे लोखंड, अंग घामाने भिजलेलं... तिथे विजेने माणसाला धरलं की ती सोडत नाही.

बुधाजी स्विच पाडायला वर गेला. मामा एकटेच खाली. थोड्या वेळाने त्यांनी नळीला तोंड लावून विचारलं, लाइन काढलीस का.

त्यांनी नळीला कान लावला.

मग नळीतून गार वारा आला. बोटीवरचे पंखेसुद्धा बंद होते. वारा येणार कुठून?

आणि त्या वाऱ्यामागून बुधाजीचा आवाज.

"बंद आसा. हात घाल."

मामांनी मोटरचं झाकण काढलं. सवयीने आधी, वीज आहे का बघायला, तारांना टेस्टलॅम्प लावला.

दिवा लख्ख पेटला.

मामा जागीच थिजले. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच शब्द. या वेळी हळू... समजूत घातल्यासारखे.

ते शिडी चढून वर पळाले. स्विचबोर्डापाशी कुणीच नव्हतं. स्विच चालू. फ्यूज जागच्या जागी.

बुधाजी डेकवर कठड्यापाशी सापडला. शहरात गोळीबार झाल्याची बातमी आली म्हणून फोरमनने त्याला वाटेतच थांबवलं होतं. तो स्विचबोर्डापर्यंत पोचलाच नव्हता.

मामांनी सगळं सांगितलं. बुधाजी हसला. नळी वाजली असेल, म्हणाला. मामांनी त्याला बजावलं, मी असल्याशिवाय त्या मोटरला हात लावायचा नाही. त्याने कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी चिंचपोकळीत कर्फ्यू लागला. मामा खोलीतच अडकले. बुधाजीचं बिऱ्हाड मात्र गोदीला लागून माझगावात होतं.

कर्फ्यू सैल झाला त्या सकाळी मामांच्या दारात दगडू उभा राहिला. गोदीतलाच फिटर. मामांकडे बघून तो भिंतीला टेकला. मग त्याने शेवंतीमामीला विचारलं,

"वैनी, परवा ह्ये खंय होते?"

घरीच, मामी म्हणाली. कर्फ्यूत जाणार कुठे?

दगडू खाली बसला. बुधाजी गेला, म्हणाला.

फोरमनने घाई केली म्हणून बुधाजी आणि दगडू खाली मोटरपाशी उतरले होते. फक्त झाकणाचे स्क्रू ढिले करून ठेवायचे, एवढंच ठरलं होतं. तेवढ्यात नळीतून गार वारा आला. मागोमाग मामांचा आवाज.

"बुधाजी, मी इलंय. लाइन बंद आसा. हात घाल."

बुधाजीचा चेहरा खुलला. गुणाजी आला रे, म्हणाला. त्याने झाकण काढून हात घातला. टेस्टलॅम्प पिशवीतच राहिला.

विजेने त्याला धरलं.

दगडू त्याला ओढायला पुढे झाला. तेवढ्यात नळी पुन्हा बोलली. या वेळी बुधाजीच्या आवाजात.

"दगडू, लाइन बंद आसा रे. माका धर."

बुधाजी तर समोर होता. दातखीळ बसलेली...

दगडूने हात मागे घेतला. वर धावत जाऊन स्विच पाडला. तोवर सगळं संपलं होतं.

बोट दुरुस्त होऊन निघून गेली. मामांनी जुन्या खलाशांकडे चौकशी केली. त्या बोटीवर कधी कुणी मेलं नव्हतं. निदान कुणाला ठाऊक नव्हतं.

बुधाजीची बायको राधाबाई पुढे कितीतरी वर्षं मामांच्या घरी येत राहिली. मामा तिच्यासमोर कधी एक शब्द बोलले नाहीत. ती आली की मान हलवायचे आणि गॅलरीत जाऊन उभे राहायचे.

एकदा मी कारण विचारलं.

"तिच्या नवऱ्याने शेवटचा ऐकला तो माझाच आवाज ना," मामा म्हणाले. "तो आवाज माझ्याकडे पुरता परत आलाय की नाही, मला अजून खात्री नाही."