सोपं जेवण

पडद्याआडून येणारा तो आवाज ऐकला आणि मैना हातातलं मासिक वाचायचं विसरली.

"अहो साहेब, एवढासा काटा आणि एवढा आरडाओरडा? शोभतं का हे? दाखवा पाहू पंजा... शाब्बास! मिशांना पीळ असलेली मंडळी अशी रडत नाहीत."

साहेब म्हणजे तिच्या ताईचा बोका. आणि मैना हे तिचं घरातलं नाव. लहानपणी तोंडाला विश्रांती नसे म्हणून पडलेलं. मोठी झाल्यावर त्याच तोंडावर ती पोट भरू लागली, रेडिओवर निवेदिका झाली. आवाजाच्या बाबतीत ती सोनारासारखी होती, ऐकताक्षणी कस लावायची. आणि हा आवाज... चोख होता.

पडदा सरकला. जनावरांचे डॉक्टर बोक्याला कडेवर घेऊन बाहेर आले.

"का—का—काटा न—निघाला."

बोक्याशी चाललेला खेळ अजून चालूच आहे असं तिला वाटलं. ती खळखळून हसली. मग तिने डॉक्टरचा चेहरा पाहिला, आणि ते हसू ओठांवरच वाळलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं तिला.

"ह—हसा की," तो शांतपणे म्हणाला. "मी जनावरांशी नीट बोलतो. मा—माणसांशीच अडखळतो."

"मी... मला वाटलं—"

"पट्टी ब—बदलायला आणा त्याला."

ताईला वेळ नाही हे निमित्त होतं. पट्टी बदलायला मैनाच गेली. पुन्हा गेली. जखम भरली तरी गेली. आणि एकदा तर बोक्याशिवायच जाऊन बसली.

"सा—साहेब कुठे?"

"साहेब ठणठणीत आहेत."

"म—मग?"

"मग... मलाच जरा बरं वाटत नाही." एवढं बोलून ती कानापर्यंत लाल झाली.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. "मा—माणसांवर मी उपचार करत नाही. पण जे—जेवायला नेऊ शकतो. ज—जागा तुम्ही ठरवा."

आता जागा ठरवणं म्हणजे काय मोठंसं? पण मैनाने त्यावर रात्रभर डोकं खाजवलं. ताईने बागेतलं ते मोठं हॉटेल सुचवलं, मंद दिवे, पांढरे टेबलक्लॉथ. मैनाच्या डोळ्यांपुढे वेटर उभा राहिला. वही उघडून, पेन टेकवून, भुवया उंचावून वाट बघणारा. तिने मान हलवली. शेवटी तिने स्टुडिओमागच्या गल्लीतलं थाई-चायनीज नूडल्सचं छोटं दुकान ठरवलं. तिथे दारातच एक स्क्रीन होता. चित्रावर बोट ठेवायचं, आकार निवडायचा, की वाडगा टेबलावर हजर. एका शब्दाचं काम नाही.

"साधंसुधं आहे," ती म्हणाली. "सोपं जेवण."

तो स्क्रीनपुढे जरा जास्तच वेळ उभा राहिला. मग हसला. "छा—छान निवड."

आणि संध्याकाळ खरंच छान गेली. वाफेने काच धुरकट झाली होती, गवती चहाचा आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास दरवळत होता. चॉपस्टिकमधून तिची नूडल सटकायची, तो त्या काठ्या तिच्या बोटांत नीट बसवून द्यायचा.

"अ—अशी धरा. मांजराचं पिल्लू धरतात तशी. आवळायचं नाही, सो—सोडायचंही नाही."

"आणि डॉक्टर, पिल्लू पळालं तर?"

"पळणारं पि—पिल्लू टोपलीशिवाय आपणहून दवाखान्यात येत नाही."

हसता हसता ती ठसक्याने बेजार झाली. मग ते तिथे जातच राहिले. ती बोलायची, तो ऐकायचा, आणि त्याचं एखादंच वाक्य तिच्या पन्नास वाक्यांवर भारी पडायचं.

एके दिवशी स्क्रीनवर कागद चिकटवला होता: बिघडला आहे, काउंटरवर सांगा. मागे ही रांग! मैनाने चोरून मागे पाहिलं. डॉक्टर मात्र सरळ पुढे झाला.

"मला टॉ—टॉ—टॉ—"

काउंटरवरच्या बाईंनी मान वर केली. मागे कुणीतरी घसा खाकरला. मैनाला राहवलं नाही.

"टोफू! यांना टोफू नूडल्स. मलाही तेच."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तेवढ्यात रांगेतून ओळखीची हाक आली. तिच्या रेडिओ केंद्राचे प्रमुख! "अरे वा, आमचा गोड गळा इथे जेवतो होय? आणि हे कोण? ओळख तरी करून द्या."

डॉक्टरने हात पुढे केला, तोंड उघडलं...

"हे आमच्या मांजराचे डॉक्टर," मैना घाईने म्हणाली.

"हो का? कसं आहे हो मांजर?" प्रमुखांनी त्यालाच विचारलं.

"बरं आहे!" उत्तर पुन्हा तिनेच दिलं.

प्रमुख गेले. टोफूचे वाडगे आले. तो मान खाली घालून जेवला. शेवटी काठ्या वाडग्यावर आडव्या ठेवून म्हणाला, "मला टॉ—टॉम यम सूप हवं होतं."

"सांगायचं ना मग!" ती बोलून गेली, आणि तिची तिलाच शरम वाटली.

"हे दु—दुकान तुम्ही का निवडलं?"

"सोपं म्हणून."

"को—कोणाला?"

मैना वाडग्यात काठी फिरवत राहिली. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त खुर्ची नीट आत सरकवली आणि निघून गेला.

नंतरचे काही दिवस मैनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मायक्रोफोनपुढे बसली की आपलाच आवाज तिला कानात टोचायचा. 'आमच्या मांजराचे डॉक्टर' — आठवलं की ती उशीत तोंड खुपसायची.

"तुला त्याच्या बोलण्याची लाज वाटते का गं?" ताईने एकदा सरळच विचारलं.

"वाटली, ताई. त्या क्षणी वाटली. आणि आता... स्वतःची वाटते."

"मग इथे काय रडतेस? जाऊन त्याला सांग. मी काय करू तुझ्या लाजेचं, लोणचं घालू?"

ती दवाखान्यात गेली. बाकावर एक आजोबा कासव घेऊन बसले होते. "तुमचं जनावर कुठाय?" त्यांनी विचारलं.

"मीच आहे आजोबा," मैना म्हणाली. आजोबा जरा सरकून बसले.

आत गेल्यावर तिने काहीच सजवलं नाही. "मी म्हणत होते, तुम्हाला त्रास नको म्हणून ते दुकान. खोटं होतं ते. लोक बघतील, हसतील, ते मला नको होतं. तुम्हाला नाही, मला. मी तुमचं बोलणं मध्येच तोडलं, आपलं नातं लपवलं. माझ्यासारखी निर्लज्ज... नाही, उलट. नको तिथे लाजणारी."

तो बराच वेळ हात धूत राहिला. पाणी वाहत होतं.

"उ—उद्या तिथेच," तो पाठमोराच म्हणाला. "ऑर्डर मी दे—देणार. तुम्ही फक्त उ—उभं राहायचं."

स्क्रीन अजून बिघडलेलाच होता. रांग त्या दिवसापेक्षाही लांब. डॉक्टरने सुरुवात केली. टॉम यम. मग तिच्यासाठी रुंद नूडल्स, शेंगदाणे जास्त, तिखट कमी, कोथिंबीर नको. मुद्दामच लांबवत होता की काय देव जाणे! मैनाचे कान तापले, मान भिजली. लाज काही गेली नव्हती. ती तिथेच होती. पण ओठ दातांत धरून ती त्याच्याशेजारी उभी राहिली, आणि मग त्याचा हात तिने सगळ्यांदेखत हातात घेतला.

"अहो, आटपा की!" मागून कुणीतरी ओरडलं.

डॉक्टर वळला. "थां—थांबा हो. नू—नूडल्स काही प—पळून जात नाहीत."

रांग हसली. ओरडणाराही हसला. मैनाच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं.

टेबलावर वाडगे आले, वाफ दोघांच्या मधून वर गेली. त्याने तिच्याकडे बघितलं, गंभीरपणे.

"मैना, मला ल—ल—"

शब्द तिच्या जिभेवर तयार होता. तिने जीभ दाताखाली दाबली.

"ल—ल—लिंबू दे."

तिने पडलेल्या चेहऱ्याने लिंबाची फोड पुढे केली. तो गालातल्या गालात हसत होता.

"ल—लग्नाचं मग विचारतो. नू—नूडल्स गार होतील."

"होऊ देत गार," मैना म्हणाली. "आत्ता विचार. सगळं विचार. मी कुठेही जात नाहीये."

त्याने काठ्या खाली ठेवल्या आणि सुरुवात केली. वाक्य लांबलचक होतं, वाटेत दोनदा अडलं, एकदा तर पार मागे फिरलं. शेजारच्या टेबलावरचे लोक खायचे थांबले. मैनाला उत्तर पहिल्या अक्षरालाच ठाऊक होतं. तरी तिने 'हो' म्हटलं, ते त्याचा प्रश्न पुरता संपल्यावरच.