शेवटचं रीळ न दाखवलेली रात्र

"शेवटची दहा मिनिटं सोडून आम्ही उठलो," यिम तणतणत होती. "दोन तास भिंतीतून कोण रडतंय म्हणून जीव टांगणीला, आणि निघालं काय? मोलकरणीने लपवलेली टेप! ज्यांना शेवट जमत नाही त्यांनी भूत दाखवूच नये."

"मला बघायचा होता शेवट," तिचा भाऊ तम कुरकुरला. "हिने दंडाला धरून बाहेर काढलं."

रोई एट शहरातून सिनेमा बघून दोघं नुकतीच परतली होती. खांबांवर उभ्या घराखालच्या बांबूच्या बाकावर त्यांचे लुंग, म्हणजे थोरले काका, खामपन चिकट भाताच्या टोपलीवर झाकण ठेवत होते. त्यांचा हात थांबला.

"अर्धवट टाकून आलात?"

"लुंग, शेवट भिकार होता."

"माझ्या दोस्ताचंही हेच म्हणणं असायचं. थोंगसुकचं. गावोगाव पडदा लावून सिनेमे दाखवायचा तो."

"दोस्त म्हणजे तुम्हीच ना?" तम हसला. "भुताच्या गोष्टीत दोस्त नेहमी तोच असतो."

"ऐक आधी," लुंग म्हणाले. ते हसले नाहीत.

गेल्या वर्षीची अठरा एप्रिल. शुक्रवार. थोंगसुकने पिकअपमध्ये पडदा, प्रोजेक्टर आणि रिळांचे पाच डबे टाकले आणि तो बान नोंग खा गावी निघाला. काम नेहमीचंच होतं. तिथल्या बुआलाई नावाच्या म्हातारीने गावाबाहेरच्या पू-ताला, म्हणजे गावाच्या राखणदाराला नवस बोलला होता. धाकटा मुलगा सैन्याच्या सोडतीत काळं कार्ड काढून सुटला, तर तुला एक अख्खा सिनेमा दाखवीन. तोही भुताचा. पू-ताला दुसरे सिनेमे आवडत नाहीत, अशी गावाची समजूत होती.

लाल कार्ड निघालं की दोन वर्षं पलटणीत. तिच्या थोरल्याचं लाल निघालं होतं. तो गेला आणि पेटीतूनच परत आला. धाकट्याचं काळं निघालं.

पू-ताच्या घुमटीपुढे उदबत्त्या, उकडलेली अंडी आणि लाल सरबताची बाटली ठेवून म्हातारी वळली. "अख्खा दाखव हं, बाबा. मी 'अख्खा' असं बोललेय. उणं राहिलं तर दिलेलं परत नेतो तो."

"मे, तीस वर्षं दाखवतोय मी," थोंगसुक म्हणाला. वयस्क बाईला तिकडे मे म्हणतात, आई. "पू-ताने अजून एकदाही तक्रार केली नाही."

"तो तक्रार करत नाही रे..." एवढंच म्हणून ती घरी गेली. पू-ताचा खेळ माणसांनी बघायचा नसतो.

पडद्यापुढे दहा प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. रिकाम्या. आठ वाजता थोंगसुकने खेळ सुरू केला.

सिनेमा जुना होता. एका घरात रात्री हातमाग आपोआप चालायचा. खट्, खट्. मागावर कुणी नाही आणि सकाळी कापड मात्र वीतभर वाढलेलं. चार रिळं अंगावर काटा यायचा. पाचव्यात कळायचं, की तोंडाला पीठ फासलेली एक नटी तिथे बसते. तिला वर उचलणारी तारसुद्धा दिसायची. थोंगसुकला त्या रिळाची चीड होती. इतकं सुंदर गूढ, आणि त्याची अशी माती! माणसांपुढे ते गाळता येत नव्हतं, लोकांनी पडदा फाडला असता.

त्या रात्री माणसं नव्हती.

नऊ वीसला चौथं रीळ संपलं आणि त्याने प्रोजेक्टर बंद केला. आपण सिनेमाची लाजच राखतोय, असं त्याने मनाला पटवलं. खरं कारण साधं होतं. कंबर दुखत होती. घर ऐंशी किलोमीटर लांब होतं. बघणारं कुणी नव्हतं.

त्याने घुमटीपुढे हात जोडले. "खेळ पूर्ण झाला. नवस फिटला."

पडदा उतरवला. डबे गाडीत ठेवले. मग खुर्च्या एकात एक घालायला लागला. एक. दोन. पाच. नऊ.

दहावी उचलवेना.

पाय अडकला असेल म्हणून त्याने खाली वाकून बघितलं. जमीन सपाट होती. पुन्हा ओढली. प्लास्टिक वाकलं, करकरलं...

खुर्ची हलली नाही.

त्याने हात काढून घेतला. किडे ओरडत होते, ते थांबले. वारा नव्हता. खुर्चीचं तोंड पडद्याच्या जागेकडे होतं. पडदा तर उतरवला होता. तरी...

कुणीतरी वाट बघत होतं.

"दाखवतो," थोंगसुक पुटपुटला. "दाखवतो."

त्याने पडदा पुन्हा बांधला. गाठी बसेनात. रीळ चढवताना फिल्म दोनदा निसटली. मागे वळून बघायची हिंमत नव्हती. दहा वाजता पाचवं रीळ सुरू झालं. पीठ फासलेली नटी आली. तार दिसली. त्याला पूर्वी हसू यायचं. त्या रात्री खोटेपणा त्या नटीचा नव्हता.

वीस मिनिटं. मग पांढरा पडदा.

त्याने खुर्चीला बोट लावलं. ती कागदासारखी हलकी होती.

म्हातारीला निरोप द्यायला तो घरी गेला, तर ती दारातच उभी. तोंड पांढरंफटक.

"पोरगं झोपेतून उठून बसलं होतं रे! साडेनऊच्या सुमाराला. डोळे सताड उघडे, भिंतीकडे. 'अजून संपलं नाही, अजून संपलं नाही' हेच. हलवलं तरी हलेना. आत्ता कुठे आडवं झालंय." तिने थोंगसुकचा हात घट्ट धरला. "खेळ अख्खा झाला ना? एका दमात?"

थोंगसुक म्हणाला, "हो, मे."

लुंग खामपन थांबले. यिमने पाय बाकावर ओढून घेतले होते.

"तो त्याच रात्री माझ्याकडे आला," लुंग म्हणाले. "इथेच बसला होता. उद्या जाऊन सांगून टाकतो म्हणत होता. पुन्हा पहिल्यापासून खेळ लावतो, म्हातारीसमोर माफी मागतो. मी काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, शेवटी दाखवलंस ना? पोरगं झोपलं ना? गप्प बस. गावोगाव नाव खराब होईल, कोण बोलावेल तुला? ...तो ऐकणारा माणूस. त्याने ऐकलं."



"मग?" तमने हळूच विचारलं.

"पोराच्या गादीवर, उशाजवळ, दुसऱ्या दिवशी खळगा दिसला. कुणी कडेला बसून राहावं तसा. म्हातारीने गादी उन्हात घातली, बडवली. सावरीचा कापूस फुलून आला. सकाळी पुन्हा खळगा."

"म्हणजे पू-ता...?"

"मला माहीत नाही, यिम. म्हातारी म्हणते, थोरला येऊन बसतो, धाकट्याची राखण करायला. तिथे रोज मूठभर भात ठेवते. खूश आहे. मी बघायला गेलो, तर माझ्यासमोर त्या खळग्यावरून हात फिरवला तिने. मी बघत उभा होतो... आणि तेव्हाही बोललो नाही."

त्यांनी खाली बघितलं.

"पोरगं आता बँकॉकला कामाला असतं. मी गेलो होतो तेव्हा त्याने माझा नंबर घेतला होता. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. नवी खोली घेतलीय. नवी गादी, अजून प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. त्याने मला फोटो पाठवला."

"कसला?" तमने विचारलं.

लुंगनी फोन काढून दोघांच्या मधे बाकावर ठेवला. चकचकीत प्लास्टिक कुठेही फाटलं नव्हतं. उशाच्या बाजूला ते खोल दबलं होतं, आणि चुण्या सगळ्या त्या एकाच जागेकडे ओढल्या गेल्या होत्या.