आबांच्या गोदीची ढाल

"पप्पा, ही आबांची ढाल न्हाय," अनुजा तिसऱ्यांदा म्हणाली.

"पॉलिश झाल्यावर येगळी दिसतीया," मोबाइलमधून डोकं वर न काढता विजयसिंह म्हणाले.

वेगळी? भिंतीवरच्या ढालीवर दोन पैलवान एकमेकांना भिडले होते! आबांच्या ढालीवर होती नौदलाच्या गोदीची खूण. अनुजाच्या आजोबांनी, बाळासो आबांनी, त्या गोदीत तीस वर्षं जहाजं दुरुस्त केली. निवृत्तीच्या दिवशी सोबतच्या कामगारांनी मोडीतल्या जहाजाच्या पितळेतून ती ढाल स्वतः ओतून दिली होती. तशी दुसरी मिळणं शक्यच नव्हतं. आणि आज संध्याकाळी आबांच्या डोळ्यांवरची ऑपरेशनची पट्टी सुटणार होती. सुटली की ते आधी त्या भिंतीकडेच बघणार.

या मोठ्या माणसांपुढे हात टेकले! अनुजानं ती परकी ढाल पिशवीत कोंबली आणि धाकट्या राजवीरला ओढत राजारामपुरीतलं पॉलिशचं दुकान गाठलं.

"ढाल म्हंजे ढाल की," दुकानदार चहा फुंकत म्हणाला. "काल तालमीच्या बक्षिसांच्या ढाली गेल्या. त्यात गेली आसंल. चालतंय की."

"काय चालतंय? कुठली तालीम, तेवढं सांगा," राजवीर तडकून म्हणाला.

तालमीत कालचा विजेता सयाजी आबांच्या ढालीला हार घालून बसला होता. "मी जिंकलीया. देनार न्हाय."

"बरं," अनुजा म्हणाली. "मग हिच्यावर काय काय हाय, सांगा."

सयाजीनं ढाल फिरवून फिरवून पाहिली. "चाक हाय. ह्यो मासं धरायचा गळ. आन् खाली तीन इटा."

"गळ कसला, जहाजाचा नांगर हाय त्यो. दात्यांचं चाक म्हंजे गोदीतला कारखाना. आन् त्या इटा न्हाईत, ठोकळे हाईत. गोदीतलं पाणी उपसलं की अख्खं जहाज त्यांच्यावर उभं ऱ्हातं. ते ठोकळे मांडायचं काम माझे आबा करायचे. तुमी कुस्ती मारली, तर कुस्तीची ढाल घ्या की." तिनं पिशवीतली ढाल पुढे केली.

सयाजीनं हार उतरवला आणि ढाल अनुजाच्या हातात दिली. "आदी सांगायचं न्हवं. दुसऱ्याच्या कष्टाचं मला नगं."

संध्याकाळी पट्टी सुटली. आबा डोळे किलकिले करत भिंतीपाशी गेले आणि ढालीवरून सावकाश बोट फिरवत राहिले. "विजय, काम झ्याक करून आणलंस रं."

रडावं की ओरडावं, अनुजाला कळेना. विजयसिंहांनी मान खाली घातली.

"मी न्हाय, आबा. मी तर हरवलीती. ह्या पोरांनी शोधून आणली."

आबांनी दोघांना जवळ ओढलं. "शाब्बास रं वाघांनो. आन् विजय, उद्या माझी औषधं आणायला जाशील, तवा ह्या दोघांना संगं घेऊन जा."